गाढ झोप फक्त २४ मिनिटं? वय वाढतं तेव्हा झोपेचं आणि थकव्याचं काय होतं

दिवाळीत माझ्या भावाने अमेरिकेहून आईसाठी मनगटी घड्याळ पाठवलं. पावलं मोजणारं, नाडी मोजणारं, रात्रीची झोपही मोजणारं. आई ७४ वर्षांची, पुण्यात एरंडवण्यात राहते. घड्याळ बांधून आठवडा झाला नाही तोच सकाळी सहाला तिचा फोन आला. "अगं, हे म्हणतंय मी रात्रभरात चोवीस मिनिटंच गाढ झोपले. मग उरलेले साडेपाच तास मी काय करत होते?"

आवाजात काळजी होती. तिच्या फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींपैकी तिघींच्या हातात आता असं घड्याळ आहे. बागेतल्या बाकावर पूर्वी बीपी आणि शुगरचे आकडे निघायचे, आता त्यांत झोपेच्या मिनिटांची भर पडली आहे. गप्पांचा शेवट मात्र ठरलेला: रात्री झोप नाही, दिवसभर थकवा, वय झालं, चालायचंच.

या वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी एकाच दावणीला बांधल्या आहेत. रात्रीची झोप बदलते ती बरीचशी वयामुळे, हे खरं. दिवसाचा थकवा मात्र नुसत्या वयामुळे येतो असं फार कमी वेळा असतं. त्याला बहुतेकदा कारण असतं आणि ते शोधता येतं. ही गाठ सोडवायची म्हणून हा लेख.

रात्र एकसारखी नसते

आपण झोपतो तेव्हा मेंदू रात्रभर एकाच अवस्थेत नसतो. हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, असा साधारण दीड तासाचा फेरा चालतो आणि रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. गाढ झोपेत मेंदूतल्या विद्युतलहरी मोठ्या आणि संथ होतात. तेव्हा उठवलं तर माणूस क्षणभर कुठे आहे तेच विसरतो.

गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात येते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. पहाटेच्या त्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हाही कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की या झोपेची चव वेगळी आहे.

विशीत रात्रीच्या झोपेचा साधारण पाचवा हिस्सा गाढ झोपेचा असतो. साठीनंतर तो दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येतो, आणि ही घट बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसते. एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. ही उतरण साठीला सुरू होत नाही. तिचा मोठा टप्पा विशी ते पन्नाशीच्या दरम्यानच पार पडतो. घड्याळ पाठवणारा माझा ४६ वर्षांचा भाऊसुद्धा त्या उतारावरून बराच खाली आलेला आहे, त्याने अजून स्वतःचे आकडे पाहिलेले नाहीत इतकंच.

एकूण झोपेचं काय? आधी झालेले अनेक अभ्यास एकत्र करून २००४ मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार प्रौढपणी दर दहा वर्षांनी झोप साधारण दहा मिनिटांनी कमी होते आणि साठीनंतर, तब्येत ठीक असेल तर, फारशी घटत नाही. म्हणजे हिशेब काही तासांचा नाही, मिनिटांचा आहे.

आता घड्याळ. ते हाताची हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. त्या पाहायला डोक्याला तारा लावून झोपेच्या प्रयोगशाळेत रात्र काढावी लागते. आपण झोपलो किती वेळ, हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ किती आणि हलकी किती, या वाटणीवर मात्र काळजी करत बसण्याइतका भरवसा ठेवू नये. झोपेच्या आकड्यांच्या काळजीनेच झोप उडालेले लोक आता डॉक्टरांकडे जाऊ लागले आहेत.

एक राख, एक घंटा

झोप येण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही झोपेचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट राखेची. चूल दिवसभर पेटलेली असली की राख साचते. मेंदूही दिवसभर इंधन जाळतो आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो जितका जास्त, तितके डोळे जड. रात्रीच्या झोपेत ही राख काढली जाते. चहा-कॉफीतलं कॅफीन काय करतं? राख काढत नाही. ॲडेनोसिन मेंदूत जिथे चिकटतं त्या जागा अडवून ठेवतं, त्यामुळे राख साचल्याचं मेंदूला कळतच नाही. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही शरीरात असू शकतं. "मला चहा पिऊनही झोप लागते" म्हणणाऱ्यांची झोपही त्याने हलकी होते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट घंटेची. बालगंधर्वला प्रेक्षागृह भरलेलं असतं, तरी तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा वर जात नाही. मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, तो ही घंटा देतो. यालाच जैविक घड्याळ म्हणतात. असं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

वय वाढतं तसं या दोन्हींत फरक पडतो. राख झोपेला पूर्वीइतक्या जोराने ओढत नाही, म्हणून गाढ झोप उथळ होते. आणि घंटा लवकर वाजू लागते.

आजी चारला उठते, नातू दीडला झोपतो

वयात आल्यावर मुलांचं जैविक घड्याळ पुढे सरकू लागतं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं आणि तिथून पुढे आयुष्यभर हळूहळू अलीकडे येत राहतं. विशीतला तरुण आणि सत्तरीतला माणूस यांच्या घंटेत साधारण तासाभराचा फरक पडतो. त्यावर सवयींचा तास-दीड तास चढला की घरात दोन टोकं तयार होतात: पहाटे सव्वाचारला स्वयंपाकघरात दिवा लावणारी आजी आणि रात्री दीडपर्यंत जागा असलेला नातू. एकाला आळशी आणि दुसरीला "उगाच खुडबुड करते" म्हणून घरोघरी बोलणी बसतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. दोघंही आपापल्या घंटेवर उठत-झोपत असतात.

घंटा जुळवली जाते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाने, त्यातही निळसर उजेडाने. वयाबरोबर डोळ्यांतलं भिंग पिवळट होतं आणि नेमका तोच उजेड अडवतं. म्हणजे आजी गॅलरीत बसली तरी तिच्या मेंदूपर्यंत नातवापेक्षा कमी उजेड पोचतो. (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती वाट पुन्हा मोकळी होते.) त्यात गुडघे दुखतात म्हणून दिवस घरातच जात असेल, पडदे ओढलेले असतील, तर मेंदूला दिवस आणि रात्र यांतला फरकच ठळक मिळत नाही.

पुण्यात सगळ्यांचा सल्ला एकच, पहाटे टेकडीवर जा. तळजाई असो की हनुमान टेकडी, साडेपाचला माणसांची रांग असते. व्यायाम म्हणून ते उत्तमच. पण ज्यांना रात्री आठपासून पेंग येते आणि तीनला टक्क जाग येते, त्यांच्यासाठी हा सल्ला उलटा पडू शकतो. पहाटेचा उजेड घंटा आणखी अलीकडे ओढतो आणि संध्याकाळचा उजेड तिला पुढे ढकलतो. अशांनी दुपारी चार-पाचनंतर उन्हं कलताना बाहेर पडावं, दिवस मावळेपर्यंत बाहेर राहावं, आणि परत आल्यावर घरातही सगळे दिवे लावून ठेवावेत. वीजबिलाची काळजी करत एका मंद दिव्यात बसू नये. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य उगवायलाच सात वाजतात, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचच्या फेरीतून पाय मोकळे होतात, उजेड काही मिळत नाही.

मध्येच जाग का येते?

जागेपण आणि झोप यांच्यामध्ये मेंदूत एक बटण आहे असं समजा. तरुणपणी ते खटकन पडतं आणि पडलेलं राहतं. झोपेच्या बाजूला दाबून धरणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होतात आणि बटण जुन्या वाड्यातल्या बटणासारखं सैल होतं. एरवी कानावरही आला नसता असा रिक्षाचा आवाज, कुशीवर वळताना गुडघ्यातली कळ, कुकरची राहून गेलेली शिट्टी आठवणं, एवढ्यानेही ते वर उडतं. रात्रीत दोन-तीनदा जाग येऊन पुन्हा झोप लागत असेल तर तो आजार नाही.

लघवीला उठावं लागतं त्याचीही कारणं आहेत. रात्री लघवी कमी बनावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं, उतारवयात ते कमी पडतं. शिवाय दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं आणि मूत्रपिंडाकडे जातं. संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून बसलं तर हे पाणी झोपण्याआधीच निघून जातं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि घोरणं. मोठ्याने घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग हुंदका दिल्यासारखा दचकून सुरू होतो, हे शेजारी झोपणाऱ्याला माहीत असतं, घोरणाऱ्याला नसतं. घशाचे सैल पडलेले स्नायू श्वासाची वाट बंद करतात, याला निद्राश्वासरोध म्हणतात. रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं. अशा माणसाला लघवीलाही जास्त वेळा उठावं लागतं, कारण गुदमरताना हृदयावर ताण येतो आणि ते पाणी बाहेर टाकण्याचा संदेश देतं. अनेक काका वर्षानुवर्षं प्रोस्टेटला दोष देत राहतात. हा विकार पुरुषांचाच असतो असंही नाही. पाळी गेल्यावर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं, आणि "बाई काय घोरते" या संकोचापायी तो तपासला जात नाही.

"म्हातारपणी झोप कमीच लागते, नाही का?"

हा आक्षेप अगदी ठाम असतो. "आमची आजी चारला उठायची, तिला काही झालं नाही." पण ती आजी निजायची किती वाजता? साडेआठला. म्हणजे सात-साडेसात तास झालेच की.

अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीत १८ ते ६४ वयासाठी ७ ते ९ तास आणि ६५ च्या पुढे ७ ते ८ तास झोप सांगितली आहे. फरक आहे, पण लहान. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण आणि साठीपुढच्या निरोगी माणसांना काही दिवस हवं तितकं झोपू दिलं. तरुण शेवटी नऊ तासांच्या जवळ स्थिरावले, ज्येष्ठ साडेसातच्या आसपास. म्हणजे गरज किंचित घटत असावी. त्याच संशोधनातून पुढे आलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: निरोगी ज्येष्ठ दिवसा तरुणांपेक्षा कमी पेंगतात.

तेव्हा एखादे आजोबा पेपर वाचताना, जेवताना, पाहुण्यांशी बोलता बोलता पेंगत असतील, तर ते वय नव्हे. तिथे काहीतरी तपासायचं राहून गेलं आहे.

थकवा म्हणजे झोप नव्हे

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, आपण ते वापरायचे विसरतो. पेंग येणं वेगळं, गळून जाणं वेगळं, मरगळ वेगळी, धाप वेगळी. डॉक्टरांसमोर मात्र सगळ्याला "थकवा" म्हटलं जातं, आणि तेही वयाकडे बघून मान डोलावतात. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आत्ता आडवं झालं तर झोप लागेल का? लागत असेल तर ती पेंग, मग रात्रीच्या झोपेकडे पाहायचं. अंगात त्राण नाही पण आडवं होऊनही डोळा लागत नाही, असं असेल तर तो थकवा, आणि त्याची मुळं बहुधा झोपेबाहेर असतात.

वयाचा वाटा किती, तेही सांगते. आपण जास्तीत जास्त किती श्रम करू शकतो ही क्षमता प्रौढपणी दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. पर्वतीच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत. तिशीत त्या चढायला क्षमतेचा अर्धा भाग लागत असेल, तर सत्तरीत तीन चतुर्थांशाहून जास्त पणाला लागते. इथवर वयाचं खातं. पण व्यायामाने ही उतरण बरीच संथ होते, आणि विश्रांतीने ती कडा होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. "दमतेस ना, मग पडून राहा" हा घरच्यांचा सगळ्यात प्रेमळ सल्ला असतो आणि सगळ्यात घातक.

आता वयाच्या माथी उगाच मारली जाणारी कारणं. रक्त कमी असणं: हिमोग्लोबिन बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया, मग वय ७५ का असेना. थायरॉईड मंदावणं. आणि बी-१२ जीवनसत्त्व, ज्यावर पुण्यातल्या शाकाहारी घरांनी खास लक्ष द्यायला हवं. ते मांसाहार, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं. उतारवयात पोट ते नीट शोषून घेत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील तर ते आणखी कमी होतं. या चारही गोष्टी एकाच माणसात असणं अपवाद नाही, आपल्याकडे हे घरोघरी आहे. रक्ताची एक तपासणी पुरते.

औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतावी. काही रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या यांनीही माणूस मलूल होतो. कमी ऐकू येणारा माणूस चार जणांच्या गप्पांत तासभर बसून थकतो, कारण प्रत्येक शब्द त्याला ओढून घ्यावा लागतो. त्याला टॉनिकपेक्षा श्रवणयंत्राची गरज असते.

नैराश्याबद्दल बोलायला आपण अजून कचरतो. म्हातारपणी ते रडण्यातून दिसेलच असं नाही. "कशातच मन लागत नाही", "जेवण जात नाही", "पहाटे तीनला जाग येते आणि नको नको ते आठवतं", असं येतं. मुलं परदेशात, जोडीदार गेलेला, तीन खोल्यांत एकच माणूस, अशी घरं आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्या थकव्यावर औषध आहे, उपचार आहेत. त्याला वय म्हणणं म्हणजे मदत नाकारणं.

"मग झोपेची गोळी घेतली तर काय बिघडतं?"

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप लागते, हे खरं. पण उतारवयात शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, गुंगी सकाळपर्यंत राहते, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस न्हाणीघरात पडतो. सत्तरीनंतर खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारा. म्हणूनच अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ज्येष्ठांसाठी टाळायच्या औषधांच्या यादीत या गोळ्या ठेवल्या आहेत. शेजारणीने दिलेली अर्धी गोळीसुद्धा घेऊ नका. मात्र वर्षानुवर्षं चालू असेल तर एका रात्रीत बंदही करू नका, त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू उतरवावी लागते.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीविना व्हावा. त्यातला मुख्य भाग ऐकून आईला आधी रागच आला: अंथरुणातले तास कमी करायचे. ती रात्री नऊला आडवी व्हायची आणि साडेपाचला उठायची, साडेआठ तास. झोप सहा तासांची. सहा तासांच्या झोपेची पोळी साडेआठ तासांच्या पोळपाटावर लाटायला गेलं तर ती ठिकठिकाणी फाटणारच. तेवढाच गोळा लहान लाटला की पोळी अखंड होते. म्हणून साडेदहा-अकराच्या आत पाठ टेकायची नाही, उठायची वेळ मात्र रोज एकच. वीस मिनिटं डोळ्याला डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. पहिले आठ-दहा दिवस जड जातात. अपस्मार असणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी हे आपल्या मनाने करू नये.

दुपारची झोप सोडायची का? पुण्यात हे विचारायची सोय नाही. सोडू नका. जेवलं नाही तरी दुपारी मेंदू थोडा मंदावतोच. पण तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं. एक ते चार झोपलात तर रात्रीसाठी राखच उरत नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्चीत लागलेली डुलकी मात्र कटाक्षाने टाळा.

झोपेत लाथा मारणं, ओरडणं, स्वप्नातली मारामारी अंथरुणात करणं, हे नव्याने सुरू झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. काही जणांत ती पार्किन्सन्सची फार आधीची खूण असते.

आईच्या रक्तात बी-१२ बरंच कमी निघालं. बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे आणि अंडं तिने आयुष्यात खाल्लेलं नाही. इंजेक्शनं सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांत ती दुसऱ्या मजल्यावर मध्ये न थांबता चढू लागली, संध्याकाळी कमला नेहरू पार्कपर्यंत चालत जाऊ लागली. रात्री अकराला झोपते, पाचला उठते, मध्ये एकदा जाग येते. घड्याळ अजूनही रोज गाढ झोप पंचवीस मिनिटांच्या आसपासच दाखवतं.